चौपन्न पायऱ्या आणि एक खोटी लिफ्ट

धनलक्ष्मीचा दिवस पहाटे चार चाळीसला सुरू होई. साडेचारला नाही, पावणेपाचला नाही. असली अडनिडी वेळ का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "अण्णा, दहा मिनिटं आधी उठून पाहिलं. नळाला पाणी आलेलं नसतं. पाच मिनिटं उशिरा उठून पाहिलं. खालच्या बायका नळ धरून बसलेल्या असतात."

पिण्याच्या पाण्याच्या दोन घागरी ती तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेई. पायऱ्या चौपन्न. खेपा दोन. मग आईच्या गुडघ्यांना तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीनं शेक, भाकरी, डबा, आणि सहाला घराबाहेर. बेंगळूरच्या बनशंकरीहून बस, सिल्क बोर्ड चौकात उतरून दुसरी बस, बेळ्ळंदूरला सव्वासात. कामाची वेळ नऊची होती. सव्वासात ते नऊ ती कुणी न सांगता काम करी. पगार नऊपासूनचाच मिळे.

मी तिच्या समोरच्या घरात राहतो. एकतीस वर्षं लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. आमचे लोक या गावात दहा-बारा पिढ्यांचे, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. समोर मराठी बोलणारे भाडेकरू आले तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं, कारण भागुबाईचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यापर्यंत येतो.

भागुबाई म्हणजे धनलक्ष्मीची आई. माहेर-सासर दोन्ही निपाणीचं. बत्तीस वर्षं विड्या वळल्या, मांडी घालून, दिवसाला हजार. त्या विड्यांवर मुलीचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला. त्याच मांडीनं गुडघे गेले. बेंगळूरला आली तेव्हा चौपन्न पायऱ्या स्वतः चढली, तासभर लावून. पुढच्या दसऱ्यापासून खाली उतरणं बंद झालं. एकदा डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून दोन रिक्षावाल्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली. पडली नाही, पण तिनं तिथंच जाहीर केलं, "मी काय पोतं हाय व्हय, उचलून न्यायला? परत उतरीन ती माझ्या पायानं. आणि उतरले की वर चढायची न्हाई."

डॉक्टरकडून तिला तसंच खुर्चीतून वर आणलं, आणि त्यानंतर ती वरच. गच्चीच्या कठड्यावरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची आणि भाजीवाला त्यात मेथी, कोथिंबीर टाकायचा. दोरी कठड्यावर घासून झिजत होती. मी जुन्या हत्यारांतून एक कप्पी काढून तिला बसवून दिली.

धनलक्ष्मीला एकच गोष्ट हवी होती: तळमजल्यावरचं घर. आमच्याच गल्लीत, चार दारं सोडून, एक मिळण्यासारखं होतं. एक खोली, स्वयंपाकघर, मागे कढीपत्त्याचं झाड. मालकीण लीजवर देणार होती. म्हणजे एकरकमी ठेव द्यायची, मग महिन्याचं भाडं नाही. ठेवीचा मोठा भाग धनलक्ष्मीनं तीन वर्षांत साठवला होता. पण ती कंत्राटावर होती. एप्रिलमध्ये कायम होणार, पगार वाढणार, मग उरलेलं जमणार. मालकीण म्हणाली होती, एप्रिलपर्यंत थांबते, पुढे नाही.

तिची कंपनी लिफ्टचे कंट्रोलर बनवते. लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबायची, किती वेगानं जायची, दार कधी उघडायचं, हे ठरवणारा बोर्ड म्हणजे कंट्रोलर. धनलक्ष्मीचं काम तो बोर्ड तपासायचं. ते ती कसं करते हे तिनं प्रथम सांगितलं तेव्हा मी हसलो.

"टेबलावर बोर्ड ठेवतो आणि वायरी एका पेटीला जोडतो," ती म्हणाली. निपाणीकडच्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'ठेवतो', 'जोडतो' असंच बोलते. "पेटी लिफ्ट असल्यासारखी वागते."

"शाफ्ट?"

"नाही."

"दोर? माणसं नेणारी गाडी? मोटर?"

"काही नाही."

"मग लिफ्ट कसली गं ती?"

"अण्णा, बोर्डाला ते कळत नाही ना. बोर्ड म्हणतो, मोटर फिरव. पेटी म्हणते, फिरवली, हा घे दुसरा मजला. बोर्ड म्हणतो, दार उघड. पेटी म्हणते, उघडलं. त्याला वाटतं तो खऱ्या इमारतीत आहे."

"आणि पेटीला कुणी सांगितलं लिफ्ट कशी वागते ते?"

"थोडं इंजिनिअरनी. थोडं मी." मग म्हणाली, "तेच विचारायला आलोय. पेटी चुकीची वागली तर बोर्ड चुकीच्या परीक्षेत पास होईल. तुम्ही एकदा येऊन बघा."

एका शनिवारी मी गेलो. तिनं पडद्यावर खोटी लिफ्ट चालवून दाखवली. एक रेघ वर चढते, सपाट होते, परत उतरते. रेघ कशी वाचायची हे तिनं समजावलं. मी पाहिलं आणि म्हणालो, "दार फार लवकर बंद होतंय."

"तीन सेकंद. कागदावर तेवढेच आहेत."

"नव्या दाराचे. पाच वर्षं वापरलेल्या दाराच्या चाकांत केस अडकतात, पानाचा चोथा अडकतो. साडेचार धर."

तिनं वाद घातला नाही, विश्वासही ठेवला नाही. पुढच्या आठवड्यात बसच्या वाटेवरच्या तीन जुन्या इमारतींत जाऊन मोबाईलवर दारं मोजली. चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक सात, पाच. मग पेटीत बदल केला आणि मला सांगितलं, "तुमचं बरोबर निघालं." मोजल्याशिवाय बरोबर म्हणाली नाही, हे मला आवडलं. माझ्या हाताखाली शिकलेल्यांतही असे थोडेच होते.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली. नव्या बोर्डाची तपासणी सुरू होणार होती. ओट्यावर बसून विचारलं, "अण्णा, वीज गेली की लिफ्टला काय काय होतं? क्रमानं सांगा."

मी सांगितलं. वीज जाते, ब्रेक बसतो, लिफ्ट असेल तिथं थांबते. दहा-पंधरा सेकंदांत जनरेटर. बोर्ड जागा होतो, पण आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो आधी गाडी सावकाश तळाला नेतो. तळाचा स्विच लागला की तिथून मजले मोजायला लागतो.

"जनरेटर आपोआप येतो?"

"नव्या इमारतींत. जुन्यांत वॉचमन दांडा टाकतो. वर टाकला की लाईनची वीज, खाली टाकला की जनरेटरची."

"कसा टाकतो?"

"कसा म्हणजे? हातानं."

"ते बघायचं आहे."

बनशंकरीच्या तिसऱ्या स्टेजमध्ये, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातल्या वस्तीत, आठ मजल्यांची एक इमारत आहे, तिची लिफ्ट मीच बसवली होती. तिथला वॉचमन मल्लाप्पा, अथणीचा. दर रविवारी दहा वाजता तो जनरेटर चालवून पाहतो, म्हणजे दांडा खाली टाकतो आणि दहा मिनिटांनी परत वर. मी धनलक्ष्मीला घेऊन गेलो.

मल्लाप्पानं जनरेटर सुरू केला, दांडा खाली ओढला, दिवे लागले, लगेच दांडा मध्ये आणला, दिवे गेले, आणि पुन्हा धाडकन खाली टाकला. दिवे लागले ते राहिले.

धनलक्ष्मी म्हणाली, "दोनदा का टाकला?"

"एकदा टाकून नीट बसत न्हाई अक्का. दोनदा टाकायचा."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या आधी जो होता त्यानं. तो म्हातारा होता, बारा वर्षं होता इथं."

"एकदा टाकून बघितलंय कधी?"

मल्लाप्पा माझ्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, ही विजेच्या खात्यातली हाय काय? स्वल्प सांभाळून बोलू काय मी?"

"नाही रे. लिफ्टवाली आहे."

"मग सरी, ठीक हाय." तो तिच्याकडे वळला. "अक्का, शेजारच्या बिल्डिंगीतला पण दोनदाच टाकतो. पलीकडचा तीनदा टाकतो, पण तो जरा डोक्यानं तसाच हाय."

दांड्यात काही दोष नव्हता, मी उघडून पाहिला. ती नुसती सवय होती, एका वॉचमनकडून दुसऱ्याकडे आलेली. एकतीस वर्षांत मी शेकडो वेळा पाहिली असेल. कधी विचार केला नाही. धनलक्ष्मीनं केला. सहा रविवार ती तिथं मोबाईल घेऊन उभी राहिली. पहिल्या झटक्यात वीज किती वेळ राहते, मध्ये किती वेळ जाते, हे वहीत लिहिलं. वीज यायची एक ते अडीच सेकंद, जायची अर्धा ते एक सेकंद, मग कायमची यायची. कंपनीच्या परीक्षांच्या यादीत वीज एकदा जात होती आणि एकदा येत होती.

व्यवस्थापक पद्मनाभ यांना तिनं हे सांगितलं. ते म्हणाले, "वीज अशी कुठं जाते?"

"बनशंकरीत जाते सर."

ते हसले. म्हणाले, करायचं तर कर, पण दिवसा बेंच यादीप्रमाणेच चालेल. बेंच म्हणजे ते तपासणीचं टेबल. कुणी हजर नसताना, म्हणजे रात्रभर, ते चालवायला मनाई होती. म्हणून सव्वासात ते नऊ.

हिशोब तिनं मला वहीत दाखवला. पहिला झटका अर्ध्या सेकंदापासून तीन सेकंदांपर्यंत, दर वेळी एक दशांश वाढवत: सव्वीस प्रकार. मधला खंड दोन दशांशापासून दीड सेकंदापर्यंत: चौदा प्रकार. लिफ्ट आठांपैकी कुठल्याही मजल्यावर असू शकते. सगळं मिळून दोन हजार नऊशे बारा परीक्षा. एकीला दीड मिनिट. सकाळच्या वेळात सत्तर व्हायच्या.

"अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं गेलीस तर लवकर होईल," मी म्हणालो.

"आणि दोष मधेच असला तर?"

मी वही तिला परत दिली.

जानेवारीत सुरुवात केली. एकोणिसाव्या दिवशी खोटी लिफ्ट थांबली नाही. सहाव्या मजल्यावर होती, परीक्षेनं चौथ्या मजल्याचं बटण दाबलं, आणि ती खाली यायच्या ऐवजी पूर्ण वेगानं वर गेली. आठव्याच्या वर असलेल्या शेवटच्या स्विचनं तिची वीज तोडली. पडद्यावरची रेघ एकदम संपली.

भव्या त्या बोर्डाचा प्रोग्रॅम लिहिणारी इंजिनिअर, कोरमंगलात राहते, वयानं धनलक्ष्मीएवढीच. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या पेटीचा दोष आहे. वीज तोडणारा रिले खराब असेल."

धनलक्ष्मी चिडली नाही. वीज खरोखर किती वेळ जाते ते तिनं यंत्र लावून मोजलं. भव्याचं बरोबर होतं. रिलेचे संपर्क जळून चिकटत होते. चार दशांश सांगितले की सहा दशांश घेई. याचा अर्थ एकोणीस दिवसांच्या तेराशेतीस परीक्षांतली एकही तिच्या वहीत लिहिलेल्या वेळेची नव्हती.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वरून भागुबाईनं हाक मारली, "अगं, आज पाय वाजेनात तुझे पायरीवर. आजारी हायस काय?"

"नाही आई. काम परत करायचं आलंय."

"किती?"

"सगळं."

"मग कर की. विडी उसवली तर परत वळायचीच असती. त्यात रडायचं काय?"

तेराशेतीस निकालांवर तिनं एक आडवी रेघ मारली. नवा रिले बसवला, तो पाचशे वेळा चालवून मोजला, मग पहिल्या परीक्षेपासून पुन्हा सुरुवात. पण सहाव्या मजल्याची आणि सहा दशांशाची परीक्षा रोज पाच-सहा वेळा वेगळी घेई. दोन दिवस काही दिसलं नाही. भव्या म्हणाली, "बघ, गेला." तिसऱ्या दिवशी लिफ्ट पुन्हा वर गेली. पहिला झटका एक पूर्णांक सात सेकंद, खंड शून्य पूर्णांक सहा. वीस वेळा केलं, सात वेळा गेली.

आता भव्या स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसली. दोघींनी मिळून कारण शोधलं, दोन दिवस लागले. वीज आली की बोर्ड स्वतःच्या आठवणीत एक खूण करी, 'मी तळाला जाऊन आलो'. ती खूण जाऊन आल्यावर करायची. तो निघण्याआधीच करत होता. वीज नेहमीसारखी जास्त वेळ गेली तर खूण पुसली जाई आणि सगळं ठीक चाले. पण मल्लाप्पासारखा दांडा टाकला तर खूण व्हायची आणि पुसली जायच्या आत वीज परत यायची. मग बोर्ड सहाव्या मजल्यावर उभा राहून समजे की आपण तळाला आहोत. कुणी चार दाबलं की तो चार मजले वर निघे. सहा आणि चार दहा. इमारत आठ मजल्यांची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पद्मनाभ यांनी दोघींना बोलावलं. बोर्ड पंधरा तारखेला गिऱ्हाइकाकडे जायचे होते. रिपोर्टवर तपासणाऱ्याची सही लागते आणि प्रत्येक परीक्षेपुढं पास किंवा नापास. तिथं काय झालं ते मला भव्यानं नंतर सांगितलं. धनलक्ष्मीनं सांगितलं नसतं.

पद्मनाभ वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी तिचं काम नीट समजून घेतलं. मग म्हणाले, "शेवटचा स्विच लिफ्ट थांबवतो ना? ब्रेक बसतो ना? कुणाला इजा होत नाही."

"नाही होत सर."

"मग सुरक्षेत पास. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. आत्ता पास लिही."

"इजा होत नाही असं लिहितो. पण माणूस आठव्या मजल्याच्या वर, बंद दारात अडकतो. वीज असून अडकतो. ते पास नाही."

"तासाभरात मेकॅनिक येऊन काढेल."

"आमच्या समोर एक रिटायर मेकॅनिक राहतात. त्यांनी एका आजोबांना दोन तास दहा मिनिटांनी काढलं होतं. आजोबा नंतर लिफ्टमध्ये कधी चढले नाहीत. पाचव्या मजल्यावर राहायचे."

हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. खरं आहे.

पद्मनाभ म्हणाले, "धनलक्ष्मी, एप्रिलमध्ये तुझं कायमचं आहे. आठवतं ना?"

"आठवतं सर. रोज चौपन्न पायऱ्या चढताना आठवतं."

त्यांना पायऱ्यांचा अर्थ कळला नाही. भव्याला माहीत होता. धनलक्ष्मीनं रिपोर्ट पुढं ओढला, त्या ओळीपुढं नापास लिहिलं, सही केली, तारीख घातली.

बोर्ड गेले नाहीत. भव्यानं अकरा दिवसांत प्रोग्रॅम सुधारला. खूण करायची ओळ खाली सरकवणं दोन मिनिटांचं काम होतं; त्यामुळं दुसरं काही बिघडत नाही हे पाहण्यात बाकीचे दिवस गेले. मग धनलक्ष्मीला बेंच दिवसभर मिळालं. तिनं दोन हजार नऊशे बारा परीक्षा पहिल्यापासून घेतल्या, दहा दिवस. एकदाही लिफ्ट चुकली नाही. तेव्हा पास लिहिलं.

माल तीन आठवडे उशिरा गेला. वरच्या साहेबांनी उशीर तपासणी विभागाच्या नावावर घातला, आणि धनलक्ष्मीचं कायम होणं ऑक्टोबरवर ढकललं. कंत्राट सहा महिन्यांनी वाढवलं. पद्मनाभ यांनी तिच्या बाजूनं दोन पत्रं लिहिली असं भव्या म्हणाली. दोन्ही वाया गेली.

तीस एप्रिलला कढीपत्त्याच्या झाडाचं घर दुसऱ्या कुटुंबाला गेलं. त्यांचं सामान उतरत होतं तेव्हा धनलक्ष्मी बसथांब्यावरून परत येत होती. टेम्पोजवळ थांबली, त्यांच्या बाईला कपाटाचं एक टोक धरू लागली, आणि मग वर गेली. मी ओट्यावर होतो.

भागुबाई बोलली, वरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "अण्णा, बघितलंत? माझी पोरगी दुसऱ्याच्या लिफ्टीत माणूस अडकू नये म्हणून भांडली, आणि आईला ठेवली अडकवून!"

मी म्हणालो, "भागुबाई, असं नका बोलू."

"मग कसं बोलू? पोरगी माझी हाय. मी बोलणार." मग आवाज उतरवून, म्हणजे निम्म्या गल्लीला ऐकू जाईल असा, "मी पण हेच केलं असतं. एका बंडलात एक विडी कमी घातली न्हाई कधी मी."

मे ते ऑक्टोबर धनलक्ष्मीनं काही बदललं नाही. चार चाळीस. दोन घागरी. मिठाचा शेक. सव्वासात. आता सकाळच्या वेळात तिनं नवं काढलं होतं: इमारतीतले लोक दाराला चप्पल लावून लिफ्ट अडवून ठेवतात, त्याच्या परीक्षा. चपलेचे प्रकार किती, असं मी विचारलं. "आत्तापर्यंत सात," ती म्हणाली. थट्टा करत नव्हती. भागुबाईला मात्र तिनं एक नवं काम लावलं. रोज गच्चीच्या दारातली एक पायरी, उतरायची आणि चढायची. पहिल्या महिन्यात पाच वेळा, दुसऱ्यात दहा, सप्टेंबरात तीस. वहीत तेही लिहिलेलं होतं.

कंपनीच्या यादीत दांड्याची परीक्षा आता कायमची आहे. एकसष्टावा क्रमांक. भव्यानं तिला नाव दिलं 'मल्लाप्पा'. मी हे मल्लाप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "माझं नाव कम्प्युटरात? मग पगार वाढवतील काय?" दांडा तो अजून दोनदाच टाकतो.

ऑक्टोबरात धनलक्ष्मी कायम झाली. नोव्हेंबरात बाजूच्या गल्लीत, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, तिला घर मिळालं. झाड नाही. एक खोली, स्वयंपाकघर, दारात नळ. जागा पाहायला मला घेऊन गेली. खिशातून मोजपट्टी काढून तिनं उंबरा मोजला. सव्वा इंच.

"एवढा चालेल," ती म्हणाली.

मी गंमत केली, "लिफ्ट असलेल्या इमारतीत का नाही घेतलंस? तुम्हीच तपासलेल्या असतात."

"आणि वॉचमन कोण असेल?" ती म्हणाली.

उतरायच्या दिवशी खुर्ची आणू का, असं मी विचारलं. भागुबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी परत विचारलं नाही. एक हात कठड्याला, एक भिंतीला. धनलक्ष्मी एक पायरी खाली, पाठ रस्त्याकडे आणि तोंड आईकडे, हात न लावता. हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. प्रत्येक वळणावर थांबून दोघी पाणी प्यायल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथं खुर्ची कलली होती, तिथं भागुबाई जरा जास्त थांबली, भिंतीला दोन शिव्या दिल्या आणि पुढं निघाली. एक तास पाच मिनिटं लागली. खाली आल्यावर म्हणाली, "त्रेपन्नच हायत."

"चौपन्न आहेत आई."

"मी आत्ता मोजल्या."

धनलक्ष्मी वर जाऊन मोजत परत आली. चौपन्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप्पी परत घ्यायला नव्या घरी गेलो. भाजीवाल्याची गाडी दारात होती. भागुबाई उंबरा ओलांडून गाडीपाशी उभी होती, एक हात गाडीवर टेकून, दुसऱ्या हातानं मेथीच्या जुड्या उलट्या करून बघत.

"वर्षभर दोरीनं शिळी मेथी चढवलीस मला!" ती म्हणाली. "वरून कळत न्हवतं. आता मी हितं हाय. ही ठेव, ती दे."

त्यानं ती दिली. धनलक्ष्मी बेळ्ळंदूरला पोहोचलीही असेल तोवर. तिच्या चार वर्षांच्या पगारातून आलं ते हे: सव्वा इंचाचा उंबरा, आणि त्याच्या बाहेर उभी असलेली तिची आई.